‘किसने बोला?’ याचं उत्तर हवंय, आडनाव नकोय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका काकांचं पत्र आलं होतं, की सरकारी कचेरी असो नाहीतर बँक, फोन उचलणाऱ्यानं आधी स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव सगळं सांगितलंच पाहिजे, तसा नियम करा. त्यावरून आमच्याकडे सकाळच्या पोह्यांवर चांगलीच जुंपली. मी आधी काकांच्या बाजूनं होते. आता अर्धीच आहे. का ते लिहिते, जरा लांबेल, कापलंत तरी चालेल पण आईचा किस्सा कापू नका.

आई ८४ वर्षांची. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते म्हणून तिला फॅमिली पेन्शन मिळते, एका सरकारी बँकेत जमा होते, कुठली ते लिहीत नाही. दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, ८० च्या वरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता तो मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, जीवन प्रमाण म्हणतात त्याला. सोय खरंच छान आहे, कारण आईच्या बोटांचे ठसे मशीनवर कधीच उमटत नाहीत, भांडी घासून घासून झिजलेत बिचारीचे. तर भावाच्या मुलानं ऑक्टोबरातच करून दिलं, मेसेज पण आला, आम्ही निवांत. आणि डिसेंबर संपला तरी पेन्शन आलीच नाही.

मग फोन सुरू. पहिल्या फोनला ‘मैं पूजा’ म्हणत एक मुलगी बोलली, "मैडम रिसीव हो गया है, दो दिन में आ जाएगी." चार दिवसांनी दुसरा आवाज, "सिस्टम में तो दिख ही नहीं रहा." तिसरा म्हणाला ब्रांचला जा. एवढ्या थंडीत आईला रिक्षात घालून गेले, तर काउंटरवरच्या साहेबांनी कॉम्प्युटरातून मान पण वर केली नाही, म्हणाले, "किसने बोला?"

संपादकसाहेब, इंदुरात ज्यानं कुठल्याही कचेरीच्या दोन चकरा मारल्यात त्याला हे दोन शब्द पाठ असणार. किसने बोला. काय सांगायचं? मी म्हणलं, पूजा बोली. ते म्हणाले, "कौनसी पूजा?" आणि रांगेतले दोघं हसले.

तेव्हापासून मी हट्टाला पेटले. पुढच्या फोनला आधीच म्हणलं, पूरा नाम बताइए. तर म्हणे, "मैडम, अलाउड नहीं है." आता बघा, तिनं मला काय काय विचारलं होतं, आईचं पूर्ण नाव, जन्मतारीख, खात्याचे शेवटचे चार आकडे, बाबा कधी वारले त्याची तारीख, म्हणजे आमच्या घराची सगळी कुंडली तिच्यापुढे उघडी नि तिच्याकडून आम्हाला काय, तर ‘मैं पूजा’. त्या दिवशी ते काकांचं पत्र आलं असतं तर मी खाली सही केली असती.

पण संक्रांतीला भाची आली तिळगूळ घेऊन. ती पण अशाच एका हेल्पलाइनवर बसते, कुठल्या ते तिनंच लिहू नको म्हणून सांगितलंय. मी आपलं रागारागात सांगत होते की तुम्ही लोक नावं लपवता, तर ती गप्पच झाली. मग म्हणाली, मावशी, मी आधी पूर्ण नाव सांगायचे. एकदा एका माणसाला सांगितलं, अगदी गोड बोलणारा, त्याचं काम पण झालं होतं. आता आपल्या मराठी लोकांची आडनावं इंदुरात कशी, एकेका आडनावाची गावात चार-पाच घरं, शर्मा-वर्मासारखं थोडंच आहे, दहा मिनिटांत फेसबुकवर सापडतो माणूस. रात्री साडेअकराला मेसेज, "आज आपकी आवाज़ थकी हुई लग रही थी." ब्लॉक केलं तर दुसऱ्या नावानं. मग एक दिवस तिच्या गल्लीतल्या दुकानाचं नाव लिहिलं त्यानं. तेव्हा तिनं घरी सांगितलं. आता फोनवर ती ‘रिया’ असते, ऑफिसनंच दिलंय ते नाव. म्हणजे आमची पूजा तरी पूजा होती का कोण जाणे.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली ती माझ्या डोक्यात आलीच नव्हती. तिच्या शेजारी बसणारा मुलगा आडनाव सांगत नाही कारण आडनाव म्हणजे जात. आपल्याकडे माळव्यात आधी ‘सरनेम क्या है’ विचारतात मग पाणी विचारतात, खोटं असेल तर सांगा. त्याचं आडनाव ऐकून एकजण सरळ म्हणाला होता, किसी और को फोन दो. आणि याच्या उलट पण होतं म्हणे, आडनाव जमलं की "अरे, आप तो अपने वाले निकले", की झालं, मग लाइन सोडून आमचं काम आधी करा. ते काका म्हणतात पूर्ण नावानं जबाबदारी येते. मला तर वाटतं आपल्याकडे पूर्ण नावानं आधी नातं शोधलं जातं, जबाबदारी राहते बाजूला.

आणि गंमत ऐका. याच भानगडीत एक फोन आईच्या मोबाईलवर आला. त्या माणसानं न विचारता स्वतःचं तीन पदरी नाव, हुद्दा, एम्प्लॉयी नंबर, सगळं घडाघडा सांगितलं, आईचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) पण त्याला माहीत, आणि म्हणे दाखला अडकलाय, ओटीपी सांगा लगेच करून देतो. आई भोळी, ती चष्मा शोधायला लागली म्हणून वाचलो. १९३० वर, त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवलं आम्ही. पण मला सांगा, खऱ्या बँकेतली पोरगी नाव सांगायला घाबरते नि ठग मात्र आजोबांपासून वंशावळ सांगतो, तर पूर्ण नावावर काय म्हणून भरवसा ठेवायचा?

मी स्वतः ३१ वर्षं सरकारी कॉलेजच्या आस्थापना शाखेत काढलीत, त्यामुळे दुसऱ्या बाजूची लबाडी पण माहितीये. आमच्याकडे एक साहेब होते, सही अशी करायचे की कोंबडी शाईत पाय बुडवून गेली असं वाटावं, खाली नाव नाही, शिक्का नाही. तिथे मात्र नाव पाहिजेच. कायदा पण तेच म्हणतो की. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सांगितलं की अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव नि हुद्दा स्पष्ट वाचता येईल असा पाहिजे, नावाची ती अट आता फौजदारी कारवाईच्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये पण आहे. का, तर त्याच्या हातात तुम्हाला उचलून न्यायची ताकद आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा म्हणतो की खात्यानं आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी नि माहिती अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा स्वतःहून जाहीर करायचं, कोणी मागायची वाट बघायची नाही. आणि आपल्या मध्य प्रदेशनं तर २०१० मध्ये देशात सगळ्यात आधी लोकसेवा गॅरंटीचा, म्हणजे ठरल्या मुदतीत काम करून द्यायचा, कायदा केला, त्यात उशीर झाला तर रोजचे २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० दंड, आणि तो ठरलेल्या अधिकाऱ्याला, फोन उचलणाऱ्या पोरीला नाही. ज्याच्या हातात पेन त्याचं नाव पाटीवर. फोनवरच्या पोरीच्या हातात काय आहे? हेडफोन.

मग आमचं काम कसं झालं ते सांगते. सहाव्या फोनला एक मुलगा लागला, अठरा-वीसचा वाटला आवाजावरून. त्यानं माझं सगळं भांडण ऐकून घेतलं नि म्हणाला, "आंटी, पहले पेन ले लो." नुसतं पहिलं नाव सांगितलं, स्वतःचा आयडी नंबर सांगितला, तक्रारीचा नंबर, तारीख, वेळ सगळं लिहून घ्यायला लावलं, परत वाचून दाखवायला लावलं. तो कागद घेऊन ब्रांचला गेले. साहेब म्हणाले, किसने बोला. मी कागद पुढे सरकवला. पहिल्यांदा त्यांनी मान वर केली! नंबर टाकल्यावर कोणी कधी काय बोललं ते सगळं स्क्रीनवर आलं, आणि खरं सांगायचं तर चूक आमचीच निघाली, आमच्या दिवट्यानं पीपीओ नंबरातला एक आकडा चुकवला होता, दाखला निघाला पण बँकेकडून नामंजूर झाला, आणि नामंजूर झाल्याचं पहिल्या तिघांपैकी कोणीच बघितलं नव्हतं. दुसरा दाखला केला, जानेवारीत दोन्ही महिन्यांची पेन्शन एकदम आली. त्या मुलाचं आडनाव मला आजही माहीत नाही, अडलं नाही काही.

तर माझं म्हणणं एवढंच, की फोनवर बसणाऱ्यानं पहिलं नाव (टोपणनाव असलं तरी माझी ना नाही) आणि आयडी नंबर स्वतःहून सांगावा, न विचारता, फोन सुरू होतानाच, आणि फोन ठेवायच्या आधी तक्रार नंबर द्यावा. तो नंबर एसएमएसनं आला तर उत्तमच, म्हाताऱ्या माणसांना लिहून घेता येत नाही पटकन. आपल्या १८१ सीएम हेल्पलाइनवर तक्रार नंबर मिळतो, काम नाही झालं तर तक्रार आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जाते, नाव कोणाचं विचारायची वेळच येत नाही. बँकेनं ३० दिवसांत ऐकलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलात, १४४४८ ला फोन केलात, तरी तिथे पूजाचं आडनाव कोणी मागत नाही, बँकेत तक्रार कधी केली नि तिचा नंबर काय, हेच विचारतात. त्या नंबरामागे कोण बसलंय हे ऑफिसला माहीत पाहिजे, पक्कं माहीत पाहिजे, उद्या चौकशी झाली तर काढून दाखवता आलं पाहिजे. आणि जो अर्ज नामंजूर करतो, पेन्शन अडवतो, त्याचं पूर्ण नाव मात्र कागदावर वाचता येईल असं, कोंबडीच्या पायासारखं नको. काकांनी ही एवढी फोड केली असती तर पोहे गार झाले नसते.

ता. क. : आपल्या नियमाप्रमाणे माझं पूर्ण नाव, पत्ता नि फोन नंबर सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिलाय, तो आपल्याकडेच ठेवा, काही विचारायचं असेल तर फोन करा. छापताना खाली आहे एवढंच छापावं, भाचीचं ऐकल्यापासून मला पण जरा धास्तीच वाटते.

आपली,
एक वाचक, स्नेहनगर, इंदूर