क्युबातील ‘मुनिसिपिओ’ म्हणजे नगरपालिका नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्युबाविषयीच्या मराठी बातम्यांत ‘मुनिसिपिओ’ (प्रांताखालचा प्रशासकीय विभाग) या स्पॅनिश शब्दासाठी सर्रास ‘नगरपालिका’ असे लिहिले जाते. चक्रीवादळाचा अमुक नगरपालिकेला फटका बसला, असे वाचले की आपल्या डोळ्यांपुढे शहर येते, आणि गफलत तेथेच होते. आपल्याकडे नगरपालिकेची हद्द शहराबरोबर संपते. क्युबात मात्र देशाची इंचन् इंच जमीन कोणत्या ना कोणत्या मुनिसिपिओत मोडते. मातान्सास प्रांतातील सिएनागा दे सापाता हा क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठा मुनिसिपिओ आहे आणि तो बहुतांशी दलदल, खारफुटी आणि मगरींचा प्रदेश आहे. (१९६१च्या अमेरिकापुरस्कृत आक्रमणामुळे जगाला माहीत झालेले प्लाया हिरोन याच हद्दीत येते.) त्याला नगरपालिका म्हणणे म्हणजे सुंदरबनाला शहर म्हणण्यासारखे आहे.

मग ‘तालुका’ म्हणावे काय? पिनार देल रिओ प्रांतातल्या, तंबाखूच्या शेतांनी वेढलेल्या विन्यालेसला तो शब्द शोभेल. पण राजधानी हवाना हाच एक स्वतंत्र प्रांत असून त्यात १५ मुनिसिपिओ आहेत, आणि तेथे या शब्दाचा अर्थ शहराचा एक विभाग एवढाच उरतो. शिवाय प्रत्येक मुनिसिपिओला स्वतःची निवडून आलेली सभा असते. तिचे उमेदवार वस्तीच्या बैठकीत हात वर करून ठरतात आणि एका जागेसाठी किमान दोन असावे लागतात. देशात कायदेशीर पक्ष मात्र एकच आहे, हे विसरून चालणार नाही. २०१९च्या राज्यघटनेने मुनिसिपिओला स्वायत्तता दिली आणि प्रांतिक सभा रद्द केल्या. आता राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या नावावर मुनिसिपिओंचे प्रतिनिधी मत देतात आणि प्रांताचा गव्हर्नर ठरतो.

आकड्यांचाही घोळ होतो. स्पॅनिश राजवटीने १८७८मध्ये आखलेले ६ प्रांत जवळजवळ शतकभर टिकले. १९७६मध्ये त्यांचे १४ झाले. एकट्या ओरिएंते प्रांताचे पाच तुकडे पडले आणि त्यांतील एकाला, कास्त्रो व त्यांचे साथीदार १९५६मध्ये मेक्सिकोहून ज्या नौकेतून आले तिचेच, ‘ग्रान्मा’ हे नाव मिळाले. हवाना शहराभोवतालच्या ग्रामीण भागाचा त्या वेळी वेगळा प्रांत झाला खरा, परंतु त्याचा कारभार त्याच्या हद्दीबाहेरच्या राजधानीतूनच चालत असे. १ जानेवारी २०११ रोजी त्याचे आर्तेमिसा आणि मायाबेके असे दोन प्रांत करण्यात आले. पिनार देल रिओचे तीन मुनिसिपिओही आर्तेमिसाला जोडले गेले. त्यामुळे जुन्या नकाशावरून लिहिलेल्या मजकुरात अजूनही १४ हा आकडा आढळतो. काही ठिकाणी १६ दिसतो तो इस्ला दे ला हुवेंतूद या बेटामुळे. ते बेट कोणत्याच प्रांतात नाही. थेट केंद्राच्या अखत्यारीतला तो एक विशेष मुनिसिपिओ आहे. प्रांत १५, आणि हे बेट धरून मुनिसिपिओ १६८, ही आजची स्थिती आहे.

तेव्हा ‘प्रांत’ हा शब्द खुशाल ठेवावा, पण ‘मुनिसिपिओ’ मूळ रूपातच छापून बातमीत एकदा त्याचा अर्थ द्यावा, ही विनंती. ‘सरपंच’ या शब्दाचे भाषांतर झालेले आपल्यालाही रुचत नाहीच.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली