इयालोदे कुणाची राणी नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत नायजेरियातल्या योरुबा स्त्रियांवर आलेला लेख वाचला. मराठीत या विषयावर कुणी मनापासून लिहितंय याचा फार आनंद झाला, म्हणून लेखिकेचे आभार आधी मानते. पण एका छायाचित्राखालच्या ओळीपाशी मी अडले ती अडलेच. तिथे छापलंय, ‘इयालोदे, म्हणजे टोळीप्रमुखाची राणी’. यातले दोन्ही शब्द चुकलेत, आणि ती चूक साधी नाही. ज्या बायकांनी हे पद स्वतःच्या बळावर मिळवलं, त्यांना आपण एका ओळीत कुणाची तरी बायको करून टाकलं.

१९७९ साली तिथल्या पश्चिम भागातल्या राज्यांनी माध्यमिक शिक्षण मोफत केलं. शाळांना शिक्षक पुरेनात. तेव्हा भारतातून जे शेकडो शिक्षक गेले त्यात आम्ही दोघं नवराबायको होतो. पाच वर्षं इबादानला मी गणित शिकवलं. त्या शहराचं मीठ खाल्लंय, म्हणून हे पत्र.

आधी ‘टोळी’. इबादान ही १८२९च्या सुमारास योद्ध्यांच्या छावणीतून वाढलेली वस्ती. १९५२च्या जनगणनेत तिथे साडेचार लाखांवर माणसं होती, लागोसपेक्षा कितीतरी जास्त. टेकडीवर उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर गंजलेल्या पत्र्यांची तांबूस छपरं दिसायची. एवढ्या मोठ्या शहराला टोळी म्हणायला आपली जीभ कशी धजते, कळत नाही.

आता ‘राणी’. राजाच्या पत्नीला योरुबात ओलोरी म्हणतात. तिचा आणि इयालोदेचा काही संबंध नाही. ‘इया’ म्हणजे आई आणि ‘ओदे’ म्हणजे बाहेर, घराच्या उंबऱ्यापलीकडचं सगळं. बाजार, रस्ता, चावडी, गावाचा कारभार हे जिच्याकडे, ती इयालोदे. ‘बाहेरची आई’ असा शब्द आपल्याकडे नाही. तो तिकडे आहे, हे कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस त्याच विचारात होते. हे पद नवऱ्यामुळे मिळत नाही. शहरातल्या कर्त्या स्त्रियांमधून ते येतं, आणि ओलुबादानच्या, म्हणजे इबादानच्या राजाच्या, मंडळात तिला स्वतःची जागा असते. तिच्या हाताखाली बायकांचीच उतरंड असते. तिची ओतुन म्हणजे उजव्या हाताची, ओसी म्हणजे डाव्या हाताची, आणि तिची बालोगुनसुद्धा. बालोगुन म्हणजे सेनापती. बायकांच्या रांगेतही सेनापतीचं पद आहे.

हे पुस्तकी वाटेल म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. शाळेत गृहशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण मला पहिल्यांदा ओजा ओबाला, राजाच्या बाजारात, घेऊन गेली. मापो टेकडीवरच्या मोठमोठ्या खांबांच्या सभागृहाखाली तो बाजार पसरलाय. मिरचीवाल्यांच्या रांगेत एनॅमलच्या थाळ्यांत लाल-पिवळ्या रोदो मिरच्यांचे ढीग रचलेले. मी एक ढीग घेतला, तर बाईंनी न मागता वर मूठभर मिरच्या टाकल्या. या वरच्या घालण्याला ते एनी म्हणतात. सांगलीच्या मंडईत जे भांडून घ्यावं लागतं ते इथे आपसूक मिळालं, म्हणून मी खुशीत होते. तेवढ्यात रांगेच्या टोकाला आवाज चढले.

दोन बायकांचं भांडण होतं. एकीने म्हणे पहाटे शहराबाहेर जाऊन, मालाचा ट्रक बाजारात पोचायच्या आतच अडवून मिरची उचलली होती. सगळ्यांनी मिळून ठरवलेला भाव त्यामुळे मोडला. बुटक्या लाकडी स्टुलावर बसलेल्या एका पोक्त बाईपुढे दोघी गेल्या आणि दोन्ही गुडघे टेकून बसल्या. त्या बाई म्हणजे मिरचीवाल्यांच्या एग्बेच्या, संघाच्या, प्रमुख. त्यांनी दोघींचं ऐकलं, शेजारच्या तिघी-चौघींना विचारलं, मग निकाल दिला. भाव मोडणारीने काही दिवस थाळी मांडायची नाही आणि संघाला कोलाची फळं द्यायची. कागद नाही, शिक्का नाही, पोलीस तर नाहीच. ती बाई उठली आणि आपली थाळी उचलून गेली. मी मैत्रिणीला विचारलं, नसतं ऐकलं तर? ती म्हणाली, मग प्रकरण वर जातं, आणि वर वर जात शेवटी इयालोदेकडे.

पुढे वाचनात आलं की १८५०च्या दशकात इबादानला राहिलेल्या अॅना हिंडरर या मिशनरी बाईंनी जवळपास हेच लिहून ठेवलंय. ही शहराची आई, बायकांचे तंटे राजाकडे जाण्याआधी हिच्याकडे येतात, असं. त्यांनाही दुसरा शब्द सुचला नाही आणि त्याही ‘एक प्रकारची राणी’ असं लिहून गेल्या. तुमच्या लेखातली चूक दीडशे वर्षं जुनी आहे म्हणायची.

तुमच्या लेखात एफुनशेतान आनिवुराला ‘क्रूर राणी’ असं एका वाक्यात उरकलंय. त्यावर मला जरा सविस्तर लिहायचंय. ही इबादानची दुसरी इयालोदे. जन्म एग्बा या योरुबा गटाच्या मुलखातला, वडील एग्बा, आई इले-इफे गावची. इबादानला येऊन तिने कापड, तंबाखू, दारूगोळा आणि गुलाम यांचा व्यापार केला. होय, गुलामांचा. तिच्या शेतांवर शेकडो गुलाम राबत होते आणि त्यांच्यावर तिने केलेल्या जाचाच्या कथा आजही सांगतात. ते झाकायचं नाही. पण त्या काळातले इबादानचे झाडून सगळे सरदार गुलामांच्या जोरावरच मोठे झाले होते, आणि त्यांच्या नावामागे कुणी ‘क्रूर’ लावत नाही. तिची एकुलती मुलगी १८६० साली बाळंतपणात गेली. त्यानंतर ती बदलली असं सांगतात. आईच्या जिवावर असा घाव पडला की काय होतं ते आपल्यालाही माहीत आहे, पण त्याने गुलामांवरचा अन्याय पुसला जात नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही लिहायला हवं.

तिला पदावरून काढलं ते मात्र क्रूरपणासाठी नव्हे. १८७४ साली इबादानचा सर्वोच्च सरदार लातोसा याने तिच्यावर ठेवलेले आरोप नोंदलेले आहेत. ती मोहिमेवर त्याच्यासोबत आली नाही, मोहिमेत रसद पाठवली नाही, आणि तो परतला तेव्हा वेशीपाशी सामोरी जाऊन त्याचं स्वागत केलं नाही. तिसरा आरोप पुन्हा वाचा. बोलान्ले आवे या इतिहासकार बाईंनी तिच्याकडे नव्याने पाहायला लावलं, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सरदारांना ती उधारीवर शस्त्रं देत होती, उधारी फिटत नव्हती, आणि एकामागून एक काढलेल्या लढायांना पैसा पुरवायचा तिने थांबवला होता. मे महिन्यात तिचं पद गेलं. तिने जबर दंड भरला, तरी सुटका नाही. जूनच्या अखेरीस एका रात्री झोपेत असताना छतावाटे आत उतरलेल्या गुलामांनी तिला ठार केलं. तिच्या मानलेल्या मुलाला आधीच फितवलं होतं.

ज्या बाईचं मन वळवता येत नाही तिला मारावं लागतं, एवढं तिचं वजन होतं. नुसत्या राणीला कुणी युद्धाचं कर्ज नाकारल्याबद्दल मारत नाही.

लेखाचा शेवट मला सगळ्यात खटकला. इंग्रजी शिक्षण आल्यावर तिथल्या स्त्रिया सार्वजनिक जीवनात आल्या, असा त्याचा सूर आहे. झालं उलट. इंग्रजांनी कारभार तिथल्या पारंपरिक प्रमुखांकरवी चालवला, पण प्रमुख म्हणून त्यांनी ओळखले ते पुरुष. इयालोदेचं नाव राहिलं, निर्णयातली जागा गेली. एग्बांच्या आबेओकुता शहराचंच पाहा. १८६४ साली शेजारच्या दाहोमी राज्याने स्वारी केली तेव्हा मादाम तिनुबु या व्यापारी बाईने तिथल्या सैन्याला शस्त्रं पुरवली आणि ती एग्बांची इयालोदे झाली. त्याच गावात १९४०च्या दशकात बायकांवर नवऱ्यापेक्षा वेगळा कर होता, मुलींना पंधराव्या वर्षापासून, आणि त्यांच्या बाजूने बोलायला मंडळात एकही बाई नव्हती. मुलगी पंधराची झाली की नाही हे पाहायला कर वसूल करणारे तिच्या अंगावरचे कपडे काढायला लावत. १९४७पासून फुनमिलायो रॅन्सम-कुटी या स्त्री-नेत्यामागे बाजारातल्या हजारो बायका राजवाड्याबाहेर ठाण मांडून बसल्या. जानेवारी १९४९मध्ये राजाला, आलाकेला, गादी सोडावी लागली, बायकांवरचा कर गेला आणि नव्या मंडळात बायकांना चार जागा मिळाल्या. त्यांनी नवं काही मागितलं नव्हतं. आज्यांकडे जे होतं त्यातलं थोडं परत मिळवलं.

शिक्षणाचा वाटा मी नाकारत नाही, मी स्वतः शिक्षिका आहे. आम्ही होतो तेव्हा इबादानच्या इयालोदे होत्या वुराओला एसान. १९४४ साली त्यांनी इबादानच्या मोलेते भागात मुलींची शाळा काढली होती आणि पुढे त्या देशाच्या सिनेटमध्ये बसणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. माझ्या वर्गातल्या मुली त्यांचं नाव घेताना आपोआप ताठ बसायच्या. शाळा आणि जुनं पद या दोन्ही गोष्टी एकाच बाईत एकत्र आल्या होत्या, आणि पद आधीपासून होतं म्हणून शाळेला वजन आलं.

तरी तिथल्या व्यवस्थेचे गोडवेच गावेत असं मला वाटत नाही. इबादानला राजपद वंशाने येत नाही. ओतुन आणि बालोगुन अशा दोन रांगा आहेत, प्रत्येकीत वीसेक पायऱ्या. घराण्याचा मोगाजी, म्हणजे प्रमुख, होऊन माणूस तळाला लागतो आणि एकेक पायरी चढत म्हातारपणी ओलुबादान होतो. बायकांची रांग इयालोदेपाशी संपते. तिच्यापुढे पायरीच नाही. दोन जिन्यांना गच्ची आहे, तिसऱ्याला माळाच. माझ्या मैत्रिणीला मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ओन्दोला जाऊन ये. ओन्दोचा पहिला ओशेमावे, म्हणजे पहिला राजा, पुपुपु नावाची स्त्री होती अशी तिथली परंपरा. पुढे गादी पुरुषांकडे गेली, पण आजही लोबुन ही स्त्री-प्रमुख नव्या राजाला गादीवर बसवते. ओन्दोला जायचं राहून गेलं, याची हळहळ अजून आहे.

अलीकडे पैसेवाल्यांना आणि पुढाऱ्यांना मानाच्या पदव्या सर्रास वाटल्या जातात. डोक्याला ‘गेले’ हा फेट्यासारखा कपडा बांधलेल्या, गळ्यात पोवळ्यांच्या माळा घातलेल्या बायकांचे फोटो सारखे दिसतात, पण त्यातली मंडळात बसणारी कोण आणि समारंभापुरती कोण, हे छापण्याआधी विचारायला हवं. तुमच्या लेखात दोन्ही एका माळेत ओवल्या गेल्यात.

माझी विनंती दोन गोष्टींची. पुढच्या रविवारी फोटोखालची ती ओळ दुरुस्त करून छापावी. ‘इबादानच्या स्त्रियांची प्रमुख आणि राजमंडळाची सदस्य’ एवढं पुरे, किंवा सरळ ‘इयालोदे’ ठेवा, वाचक शिकतील. आणि लेखिकेला सांगावं की एफुनशेतानवर स्वतंत्र लेख लिहा. माझ्याकडे तेव्हाच्या वह्या आहेत, मैत्रिणीने उतरवून दिलेले अर्थ आहेत, बाजाराचे काही फोटो आहेत. त्यांना उपयोग होणार असेल तर मी सगळं आनंदाने पाठवीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली