मित्रास पत्र: विसरलेली कयाक

प्रिय मित्रा,

मोठा शोध एकट्याच्याच डोक्यात लागतो, बाकीचे नुसती नक्कल करतात, हे तुझं म्हणणं मला अजिबात पटलं नाही.

वायव्य ग्रीनलंडमधल्या इनुइटांची, म्हणजे तिथल्या बर्फाळ मुलखातल्या मूळ रहिवाशांची, हकिकत ऐक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या छोट्याशा, साऱ्यांपासून तुटलेल्या वस्तीत कयाक, म्हणजे कातड्याने मढवलेली छोटी होडी, नव्हती, धनुष्यबाण नव्हता, मासे टिपायचा दातेरी भालाही नव्हता. पूर्वजांकडे हे सगळं होतं. साथीच्या रोगात जाणती म्हातारी माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर कसबही गेलं, असं सांगतात. समोरून रेनडिअर जातायत आणि मारता येत नाहीत, कसं वाटत असेल रे! बुद्धी तीच, गरज तर जिवावरची, तरी कयाक कुणाला नव्याने साधली नाही. साधणार कशी? सांगाडा कशाचा, कातडं कुठलं, शिवण कशी घातली की पाणी शिरत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेलं. 1860च्या दशकात कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावरून काही इनुइट तिथे आले, त्यांनी शिकवलं, तेव्हा कुठे ते परत मिळालं.

तुझ्या बाजूने सिक्वोया उभा राहील, हे मान्य. अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीतल्या या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी 1821च्या सुमारास त्याने आपल्या भाषेसाठी अख्खी लिपी रचली. त्यातली काही चिन्हं इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात, पण उच्चार साफ वेगळा: डब्ल्यूसारखं चिन्ह ‘ला’ म्हणून वाचायचं! केवढी प्रतिभा! पण बोलणं कागदावर उतरवता येतं, ही मूळ कल्पना त्याला गोऱ्यांकडे पाहूनच मिळाली. पुढे 1828 साली त्या लिपीत वर्तमानपत्र निघालं, ते चेरोकी लोकांनी ती भराभर आपलीशी केली म्हणून.

सगळंच इतक्या लवकर पसरत नाही. संत्र्या-लिंबांनी स्कर्व्ही, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्याने खलाशांना होणारा जीवघेणा रोग, बरा होतो हे ब्रिटिश नौदलातल्या जेम्स लिंड या डॉक्टरने 1747 साली बोटीवर दाखवलं. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सरसकट मिळायला 1795 उजाडलं. मधल्या काळात मेलेल्या खलाशांचा विचार आला की मला राग येतो.

आणि हो, ग्रीनलंडची ती परतलेली कयाक आधी बॅफिनच्या वळणाची, रुंद होती. पश्चिम ग्रीनलंडच्या लोकांशी येणं-जाणं वाढल्यावर ती हळूहळू त्यांच्यासारखी झाली. याला तू नुसती नक्कल म्हणशील का? सविस्तर लिही.

तुझाच