सायकल भंगारात घालण्याआधी चिमट्याची मापे घ्या

संपादक महोदय,
स. न.

पुढचे चाक खड्ड्यात आपटले, ते चाक धरणारा दुपायी चिमटा (फोर्क) वाकला, की चांगली पोलादी रेसिंग सायकल थेट भंगारात जाते. दुकानात उत्तर ठरलेले असते: 'याचा पार्ट आता येत नाही.' कुणी फारच गळ घातली तर दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा चिमटा ठोकून बसवून दिला जातो. पहिल्या उत्तराने सायकल वाया जाते. दुसऱ्या उपायाने चालवणाऱ्याचा जीव धोक्यात येतो, कारण तो चिमटा २८ × १ १/२ च्या चाकासाठी आणि सळईच्या ब्रेकसाठी बनलेला असतो. एक इंची आट्यांचा पोलादी चिमटा आजही नवा मिळतो आणि मोडीत निघालेल्या सायकलीवरून काढलेलाही मिळतो. घोडे अडते ते मापांपाशी, आणि ती मापे घ्यायला एक व्हर्नियर (व्यास मोजायचे साधन), एक पट्टी आणि अर्धा तास पुरतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

चिमट्याच्या शोधात निघण्याआधी फ्रेम तपासा. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या, मागे, वरच्या आणि विशेषतः खालच्या नळीच्या पोटाखाली, दोन ते पाच सेंटिमीटर अंतरावर बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला फुगवटा लागला तर धक्का फ्रेमपर्यंत पोचला आहे, नुसता चिमटा बदलून भागणार नाही. मग हेड ट्यूबच्या बाजूला सरळ पट्टी धरा. पायांचा बाक सुरू होण्यापूर्वीचा सरळ भाग त्याच रेषेत असायला हवा. तो मागे गेलेला दिसला तर बहुधा वरची दांडी, म्हणजे हेड ट्यूबमधून जाणारा स्टिअरर, मुकुटाच्या (पाय दांडीला मिळतात त्या जोडाच्या) लगेच वर वाकलेली असते. अशी दांडी सरळ करून घेऊ नये. ब्रेक लावताना सगळा ताण याच जागी येतो आणि एकदा वाकलेले पोलाद तिथेच तडकते. गॅसच्या ज्योतीवर तापवून सरळ करणे तर त्याहून वाईट, कारण त्या उष्णतेने मुकुटातला पितळी जोड सैल पडू शकतो.

आता आटे. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. प्रचलित मापात दांडीचा बाहेरचा व्यास २५.४ मिमी, इंचाला २४ आटे आणि आतला व्यास २२.२ मिमी असतो. दांडीत उतरणारा हँडलचा स्टेमही २२.२ चाच. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या कित्येक जुन्या सायकलींवर मात्र इंचाला २६ आटे आहेत. साधारण १९८० पर्यंतच्या पूजो, मोटोबेकान, जितान अशा फ्रेंच सायकलींची दांडी २५.० मिमीची, आट्यांचे अंतर १ मिमी आणि स्टेम २२.० मिमीचा. परदेशातून येताना आणलेल्या किंवा घरात वारशाने आलेल्या सायकलींत हे तिन्ही प्रकार सापडतात. ओळखायची रीत सोपी आहे. दहा आट्यांची लांबी मोजा. २४ चे आटे असतील तर ती १०.६ मिमी भरते, फ्रेंच असतील तर १०.० आणि रॅलेचे असतील तर ९.८. शेवटच्या दोघांत फरक फार थोडा, म्हणून व्यासही मोजायचाच.

नट हाताने फिरवून बघणे ही दुसरी परीक्षा. बरोबर आट्यांचा नट दोन बोटांनी शेवटपर्यंत उतरतो. २४ च्या दांडीवर २६ चा नट पहिले दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो, मग घट्ट होतो, आणि नेमके तेव्हाच पाना हातात घेतला जातो. पान्याने तो आणखी दोन फेरे उतरतोही. तोवर दोन्हीकडचे आटे सोललेले असतात आणि बाहेरून काही दिसत नाही. ब्रेकच्या पहिल्या जोरदार झटक्याला हेडसेट, म्हणजे दांडी ज्यावर फिरते तो छर्ऱ्यांचा संच, सैल होतो.

त्यानंतर खालच्या कोनाची, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या कडीची, बैठक. मुकुटावर जिथे कोन ठोकून बसवतात तिथला व्यास बहुतेक युरोपीय दर्जेदार सायकलींवर २६.४ मिमी, तर बऱ्याच जपानी आणि स्वस्त सायकलींवर २७.० मिमी असतो. फरक फक्त ०.६ मिमीचा. पण २६.४ चा कोन २७ च्या बैठकीवर ठोकला तर तो तडकतो किंवा तिरका बसतो. उलट केले तर कोन सैल राहतो आणि ब्रेक लावताना टकटक वाजतो. पत्र्याची किंवा कागदाची पट्टी घालून तो घट्ट करण्याची पद्धत सर्रास आहे, ती बंद व्हायला हवी. बैठक मोठी असेल तर ती कटरने २६.४ वर आणता येते. लहान असेल तर दुसरा चिमटा बघावा किंवा त्या बैठकीच्या मापाचा हेडसेट घ्यावा.

दांडीची लांबी ठरवताना हेड ट्यूबची उंची अधिक हेडसेटची वरची-खालची उंची असा हिशेब करा. हेड ट्यूब १३० मिमी आणि हेडसेट ३६ मिमी असेल तर बेरीज १६६. दांडी यापेक्षा साधारण २ मिमी कमी हवी, नाहीतर सगळ्यात वरच्या लॉकनटाचा आतला ओठ दांडीच्या टोकावर टेकतो आणि नट कितीही आवळला तरी कुलूप लागत नाही. लांब दांडी कापता येते, आखूड वाढवता येत नाही. म्हणून शंका असेल तिथे लांबच घ्या. कापण्याआधी एक जुना नट आट्यांवर चढवून ठेवा. करवतीने कापून, कानस मारून झाल्यावर तो नट उलटा काढला की बिघडलेला पहिला आटा आपोआप साफ होतो. मात्र फार लांब चिमटा आणून नुसते आटे खालपर्यंत वाढवत नेणे चूक आहे. स्टेमला दांडीत घट्ट धरणारी पाचर आट्यांच्या भागात फुगली तर तिथली भिंत आधीच पातळ असल्याने दांडी फुगते, पुढे चिरते. पाचर आट्यांच्या खाली बसली पाहिजे.

चिमट्याची उंची म्हणजे चाकाच्या अक्षापासून कोनाच्या बैठकीपर्यंतचे अंतर. ७०० सी, म्हणजे नेहमीच्या रेसिंग मापाच्या, चाकाच्या सायकलीवर ते ३६५ ते ३७५ मिमीच्या आसपास असते. ते १० मिमीने बदलले तर हेड ट्यूबचा तिरकेपणा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बदलतो. पायांच्या बाकाला ऑफसेट म्हणतात. चिमटा कडप्प्याच्या ओट्यावर आडवा ठेवून दांडीची दोन्ही टोके ओट्यापासून सारख्या उंचीवर येतील अशी लाकडे लावा. मग दांडीच्या मध्याची आणि अक्षाच्या खाचेची उंची मोजा; दोहोंतला फरक म्हणजे ऑफसेट. हेड ट्यूब ७३ अंशांत आणि ७०० सी चाक असताना ४५ मिमी ऑफसेटला ट्रेल (दांडीची रेषा जमिनीला मिळते तिथपासून चाक टेकते तिथपर्यंतचे अंतर) सुमारे ५६ मिमी येतो, ५५ मिमी ऑफसेटला तो ४५ वर उतरतो. एवढ्या फरकाने ओळखीची सायकल हातात वेगळी लागते. ऑफसेट कमी घेतला तर वळताना बूट चाकाला घासण्याचा धोकाही वाढतो.

२७ इंची चाकाच्या सायकली अजून बऱ्याच आहेत. त्यांच्या रिमचा व्यास ६३० मिमी, ७०० सी चा ६२२. त्रिज्येत ४ मिमीचा फरक. ७०० सी च्या चिमट्यात २७ इंची चाक घातले तर टायर मुकुटाला घासू शकतो, आणि उलट केले तर ब्रेकचे हात ४ मिमी लांब लागतात. बाजारात ३९–४९ आणि ४७–५७ मिमी पोचीचे ब्रेक मिळतात. ब्रेकच्या बोल्टापासून रिमवर ब्रेक लागतो त्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजून त्यातला निवडा. नव्या पद्धतीचा ब्रेक जुन्या चिमट्यावर लावायचा असेल तर फक्त मागचे भोक ८ मिमीचे करावे, पुढचे ६ मिमीचेच राहू द्यावे. चाकाच्या मधल्या हबची रुंदी १०० मिमी हवी. जुना हब ९६ चा असेल तर दोन्ही बाजूंना २ मिमीचा वॉशर घाला. चिमट्याचे पाय दाबून हब बसवू नका.

दुकानदारांना आणि ऑनलाइन विक्रेत्यांना विनंती आहे, 'रोड फोर्क, १ इंच' एवढेच लिहू नका. इंचाला किती आटे, बैठक, दांडीची आणि आट्यांची लांबी, उंची, ऑफसेट हे आकडे छापा. ते नसतील तर ग्राहकाने विचारावेत, आणि उत्तर न आल्यास पैसे देऊ नयेत.

बसवताना हेडसेटचे छर्रे बहुधा ५/३२ इंचाचे लागतात, पण जुने मोजूनच आणा. छर्ऱ्यांची जाळी उलटी बसली तर हँडल फिरताना खरखरते. जुळवणी झाल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, कोनापाशी बोटाला हालचाल जाणवता कामा नये. पुढचे चाक उचलून हँडल सोडले तर ते कुठेही न अडखळता स्वतःहून वळले पाहिजे. पहिल्या ३० किलोमीटरनंतर कोन जागेवर बसतो आणि हेडसेट थोडा ढिला होतो. तेव्हा लॉकनट ३२ च्या पान्याने पुन्हा आवळा.

आपला,
एक सायकल कारागीर, पुणे