घड्याळ नको, सेल बघ

प्रिय मित्रा,

रिप्लाय द्यायला उशीर झाला, सॉरी. तू लिहिलंस की प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची लिहिलेली कृती, अक्षरन् अक्षर पाळूनसुद्धा नवीन लॅबमध्ये काही जमेना. अरे, माझं तेच झालं होतं!

सेल कल्चर, म्हणजे लॅबमध्ये पेशी वाढवणं, शिकताना दोन आठवडे माझ्या सेल्सचे नुसते गोळे होत होते. कागदावर काय तर ट्रिप्सिन (फ्लास्कला चिकटलेले सेल सोडवणारं एन्झाइम) टाका, ३७ डिग्रीला ५ मिनिटं ठेवा. मी टायमर लावून बसायचो आणि सेल सुटले नाहीत की फ्लास्क टेबलावर आपटायचो. एक सीनियर मॅडम मागून बघत होत्या, म्हणाल्या, घड्याळ काय बघतोस, सेल बघ. मग त्यांनी शेजारी बसवून दाखवलं, मायक्रोस्कोपखाली मिनिटा-मिनिटाला बघायचं, सेल गोल होऊन कडा चमकायला लागल्या की हलकी टिचकी मारायची आणि लगेच सीरमवालं मीडियम (सेल्स वाढवायचं पोषक द्रव) टाकायचं, सीरममुळे ट्रिप्सिनचं काम थांबतं. गोळे माझ्या आपटण्यामुळेच होत होते. म्हटलं मॅडम, हे लिहून का नाही ठेवलं? तर म्हणे, अरे हे सगळ्यांना माहीतच असतं ना!

काही जण मुद्दाम लपवतातही, रिसर्च पेपरवर नाव राहील की नाही ही भीती असतेच. पण बहुतेकांना आपल्या हाताला काय येतं हे स्वतःलाच ठाऊक नसतं, मग सांगणार काय?

हॅरी कॉलिन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञाने यावर भारी काम केलंय. मॉस्कोच्या एका ग्रुपने नीलमच्या क्रिस्टलचं एक मोजमाप केलं, बाकीच्यांना ते जवळपास २० वर्षं जमलंच नाही. ग्लासगोवाल्यांना १९९९ मध्ये जमलं, तेही मॉस्कोचा माणूस तिथे येऊन सोबत काम केल्यावर. क्रिस्टल ज्या बारीक धाग्यावर टांगायचा त्याला किंचित ग्रीस लागायचं, आणि हा पठ्ठ्या धागा सरळ नाकावरून फिरवायचा! कुठल्या पेपरच्या मेथड्समध्ये लिहिणार हे?

आमच्याकडे नॉलेज शेअरिंगच्या नावाखाली पीपीटी असते, सगळे मोबाईल बघतात. त्यापेक्षा आता कोणी लॅब सोडून चाललं की शेवटचे काही दिवस काम नवीन माणसानेच करायचं, जुन्याने हात खिशात घालून फक्त टोकायचं. मॅडमना फार जड जातंय, सारख्या पिपेट हिसकावतात.

तू रविवारी व्हिडिओ कॉल कर. प्रोटोकॉल वाचून दाखवू नकोस, कॅमेरा हातावर ठेव.

तुझाच,
मी