किल्ली खिशात असूनही दार वाजवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. एकट्या तुम्हाला लिहिलं असतं तर ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय बदलला असता. शिवाय ज्यांची मुलं इकडे अमेरिकेत शिकतात आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर ‘फ्रॅटर्निटी’ (विद्यापीठातल्या मुलांची, बहुधा एकाच घरात राहणारी बंधुसंघटना) म्हटल्याबरोबर लाल प्लास्टिकचे ग्लास आणि दणदणीत गाणी येतात, त्या मराठी आईवडिलांनीही हे वाचावं अशी इच्छा आहे. पार्ट्या होतात, खोटं कशाला बोलू? पण फ्रॅटर्निटीचं घर चालतं ते भाडं, विमा, बॉयलर आणि करखात्याच्या तारखांवर. त्या बाजूचे व्हिडिओ कुणी काढत नाही, आणि आमचे माजी सदस्य म्हणून तुम्ही आलात ते नेमके त्याच बाजूने.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, तुम्ही हा परिच्छेद सोडून द्या. चॅप्टर म्हणजे एका विद्यापीठातली फ्रॅटर्निटीची शाखा. अध्यक्ष, खजिनदार, हाउस मॅनेजर, नव्या मुलांच्या भरतीचा प्रमुख, माजी सदस्यांशी संपर्क ठेवणारा, ही सगळी पदं एकोणीस-वीस वर्षांची मुलं मतदान करून भरतात आणि बहुतेक ठिकाणी दरवर्षी बदलतात. राहतं घर मात्र बऱ्याच ठिकाणी ना विद्यापीठाचं असतं ना मुलांचं. ते माजी सदस्यांनी स्थापलेल्या हाउस कॉर्पोरेशनच्या नावावर असतं आणि मुलं त्यांची भाडेकरू. म्हणजे घरमालकाच्या जागी जे बसलेत ते कधीकाळी याच खोल्यांत झोपायचे. नातं गोड वाटतं ऐकायला, पण गुंतागुंतीचं आहे. मुलं चार वर्षांत निघून जातात, खजिनदार वर्षभरात बदलतो. गेल्या पाच वर्षांत छताचं काम कुणी केलं, विम्याची कुठली अट मोडली की दावा फेटाळला जातो, हे लक्षात ठेवणारं माणूस माजी सदस्यांतच असायला हवं. नसेल तर प्रत्येक खजिनदार श्रीगणेशापासून सुरुवात करतो आणि त्याच खड्ड्यात पडतो.

आमच्याकडे असं माणूस कागदावर होतं. एक नव्हे, अख्खं मंडळ होतं. फोन उचलणारं कुणी नव्हतं. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी विद्यापीठात परत येतात त्या सोहळ्याच्या शनिवारी मात्र सगळे हजर! दिवाणखान्यातल्या कॉम्पोझिटसमोर, म्हणजे दरवर्षी सगळ्या सदस्यांच्या फोटोंची जी मोठी फ्रेम बनते तिच्यासमोर, फोटो काढायचे, आमच्या हातचं खायचं, ‘आमच्या वेळी हे घर काय होतं’ म्हणायचं आणि संध्याकाळी गुल. एकाने भिंतभर टीव्ही द्यायची तयारी दाखवली, खाली नावाची पाटी लावायच्या अटीवर. बॉयलरवर पाटी लावायला कोण पैसे देतो? आणि ज्यांनी खरंच चेक दिले त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, की हाउस कॉर्पोरेशनला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही. ती मिळते फ्रॅटर्निटीच्या शैक्षणिक फाउंडेशनला दिली तर, आणि फाउंडेशनचा पैसा अभ्यासिकेसारख्या शैक्षणिक कामालाच लागतो, गळक्या छताला नाही. एप्रिलमध्ये कर भरताना हे कळलं की देणगीदार बिथरतो आणि पुढच्या वर्षी त्याचा फोन लागत नाही.

तुम्ही आल्यावर काय काय निस्तरलंत त्याची यादी देत नाही. दोन-तीन गोष्टी मात्र इतर चॅप्टरच्या मुलांच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली करखात्याची. चॅप्टरची ढोबळ जमा साधारण 50,000 डॉलरपर्यंत असेल तर वर्षाला 990-एन नावाचा छोटासा ऑनलाइन फॉर्म पुरतो. हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपत असेल तर शेवटची तारीख 15 नोव्हेंबर. दहा मिनिटांचं काम. पण सलग तीन वर्षं राहून गेलं की करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो, सुनावणी वगैरे काही नाही. आणि हा फॉर्म बहुतेक राहून जातोच, कारण नोव्हेंबरमध्ये जुना खजिनदार पदावरून उतरण्याच्या बेतात असतो, नवा निवडून यायचा असतो आणि करखात्याची पत्रं दहा वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्या कुणाच्या तरी पत्त्यावर जात असतात. तुम्ही आधी पत्ता बदललात. एखाद्या व्यक्तीच्या घराऐवजी पोस्टातली पेटी घेतलीत आणि तिची एक किल्ली स्वतःकडे ठेवलीत. इतकं साधं होतं ते.

दुसरी बाहेरच्या पैशाची. स्टेडियम जवळ असलं की फुटबॉलच्या शनिवारी हिरवळीवर गाड्या लावायला देऊन रोख पैसे येतात. उन्हाळ्यात रिकाम्या खोल्या बाहेरच्या मुलांना दिल्या की भाडं येतं. सगळ्यांना ती कमाई वाटते. पण करखात्याच्या नियमांत आमच्या प्रकारच्या करमुक्त संस्थांना सदस्यांबाहेरून येणाऱ्या पैशावर एकूण जमेच्या 35 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि त्यातही बाहेरच्यांना जागा वापरायला देऊन मिळणारा पैसा 15 टक्क्यांच्या आत हवा. तीस खाटांपैकी आठ रिकाम्या राहिल्या की ही मोहोळं उठतात. विमा, मालमत्ता कर, कर्जाचा हप्ता यांतलं काहीच खाटांप्रमाणे कमी होत नाही, मग मुलं बाहेरचे भाडेकरू भरतात आणि टक्केवारी कधी ओलांडली ते कुणालाच कळत नाही. तुम्ही हिशेबात ‘सदस्य’ आणि ‘बाहेरचे’ असे दोन रकाने केलेत, आणि तीन डॉलरच्या फिल्टरलाही पावती हवी म्हणालात. पहिले काही आठवडे सगळे वैतागले होते, हेही सांगून टाकतो.

तिसरी थंडीची, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या थंड मध्य-उत्तर भागातल्या जुन्या घरांना आगीइतकीच भीती पाण्याची असते. डिसेंबरच्या मध्याला परीक्षा संपतात, घर महिनाभर रिकामं पडतं आणि गॅसचं बिल वाचवायला कुणीतरी शहाणा हीटिंग बंद करून जातो. बाहेरच्या भिंतीतल्या, पोर्चवरच्या आणि माळ्यावरच्या पाइपांत पाणी गोठतं. बर्फाचं बूच बसतं, ते बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तडकतो. कळत मात्र काहीच नाही. ऊन पडून बर्फ वितळला की तिसऱ्या मजल्यावरून सुरू झालेलं पाणी तळघरापर्यंत जातं, तेही घरात कुणी नसताना. घर गरम ठेवलं होतं असं दाखवता आलं नाही तर विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणून तुमचा नियम असा : थर्मोस्टॅट 55 फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण 13 सेल्सिअसच्या खाली जाणार नाही, सिंकखालची दारं उघडी राहतील, आणि गावातच राहणारा कुणीतरी दिवसाआड घरात फेरी मारून वहीत तारीख टाकेल.

तळघरात तुम्ही टांगलेल्या दोन पट्ट्या अजून आहेत. घराच्या पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हवर निळी : ‘पाइप फुटला तर हा बंद कर.’ शेजारच्या स्प्रिंकलरच्या, म्हणजे आग लागली की आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेच्या व्हॉल्व्हवर लाल : ‘अग्निशमन दलाशी बोलल्याशिवाय याला हात लावू नकोस.’ दोन्ही व्हॉल्व्ह हातभर अंतरावर. घाबरलेला मुलगा चुकीचा फिरवतो, मग गळती चालूच राहते आणि वर घराचं आगीपासूनचं संरक्षण जातं. 1996 च्या मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीच्या घराला पदवीदानाच्या दिवशी पहाटे आग लागली आणि पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने फ्रॅटर्निटीच्या घरांना ते सक्तीचे केले. आज बऱ्याच घरांत स्प्रिंकलर असतात, तर मुलं त्याच्या तोंडावर ओल्या शर्टाचा हँगर अडकवतात. आतली काचेची लहानशी नळी फुटली की मिनिटाला वीसेक गॅलन काळपट पाणी, खोलीभर. हेही तुम्हीच सांगितलंत, आणि हँगर अडकवणाऱ्याचं नाव न विचारता सांगितलंत.

पण काका, आभार या कशाचे नाहीत. हे सगळं पैसे मोजून एखाद्या हिशेबनिसाकडून आणि प्लंबरकडून करून घेता आलं असतं. आभार त्या पहिल्या सकाळचे आहेत.

फेब्रुवारी होता. कॉर्पोरेशनच्या किल्ल्यांचा जुडगा तुमच्याकडे आला होता, त्यात घराची मास्टर किल्लीही होती. तुम्ही मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराशी आलात आणि दार वाजवलंत. आत कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा वाजवलंत आणि वाऱ्यात उभे राहिलात. दार उघडणारा पोरगा अर्धवट झोपेत होता. तुम्ही त्याला स्वतःचं नाव सांगितलंत, पदवीचं वर्ष सांगितलंत आणि विचारलंत, ‘आत येऊ का?’ बर्फाचे बूट पायपुसण्यावर काढलेत. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला जुडगा खुळखुळत होता, पण एकही कुलूप तुम्ही स्वतः उघडलं नाहीत. तळघरात जायचं होतं तेव्हा हाउस मॅनेजरला बोलावून घेतलंत आणि किल्ली त्याच्या हातात दिलीत.

याची किंमत कळायला आधीचे लोक पाहिलेले हवेत. ते थेट वरच्या मजल्यावर जायचे. ‘ही माझी खोली’ म्हणत दार ढकलायचे, आत कुणी झोपलंय की अंघोळ करून कपडे बदलतंय याचा विचार नाही. भाडं आम्ही भरतो, करारावर सह्या आमच्या आहेत, हे त्यांच्या गावीही नसायचं. आमचं घर त्यांच्या लेखी आठवणींचं संग्रहालय होतं आणि आम्ही तिथले पहारेकरी.

तुम्ही दार वाजवलंत त्याचा परिणाम आठवडाभरात दिसला. मुलं खरं बोलायला लागली. मागच्या जिन्याचं आग रोखणारं दार विटेने उघडं ठेवलेलं असतं, दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममागे बुरशी आहे, शेगडीच्या हुडमधल्या आग विझवणाऱ्या यंत्रणेची सहामाही तपासणी चुकलीय, हे सगळं तोवर माजी सदस्यांपासून लपवून ठेवलं जायचं. कारण ते कळलं की भाषण मिळायचं, दुरुस्ती नाही. तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि विचारलंत, ‘यातलं आधी काय करायचं, तुमचं काय मत?’

आणि तो दुसरा विषय. नव्या मुलांना छळण्याच्या गोष्टी रंगवून सांगणारे माजी सदस्य प्रत्येक चॅप्टरला असतात. 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात टिमथी पियाझा हा मुलगा दारू पाजल्यानंतर जिन्यावरून पडला, आणि सोबतच्यांनी मदत बोलवायला तासन् तास लावले. तो वाचला नाही. डिसेंबर 2024 मध्ये अशा छळाची माहिती विद्यापीठांना जाहीर करायला लावणारा केंद्रीय कायदा झाला. कायदा झाला ते बरंच झालं, पण जेवणाच्या टेबलावर एखादा पन्नाशीचा गृहस्थ ‘आम्ही सोसलं, काय बिघडलं?’ म्हणतो तिथे कायदा पोचत नाही. तिथे त्याच वयाच्या दुसऱ्या कुणीतरी ‘पुरे’ म्हणावं लागतं. तुम्ही म्हणालात. आवाज न चढवता, सगळ्यांदेखत, आणि मग त्याला भात वाढलात. सभ्यपणा असाही ठाम असतो, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्या टेबलावर पाहिलं. दुर्दैवाने सभ्य माणसं बहुतेक वेळा गप्प बसतात आणि टेबल दुसऱ्यांच्या हाती जातं.

1996 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिग्मा बीटा रो, 1998 मध्ये ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, 1999 मध्ये लॉस एंजेलिसला बीटा काय थीटा अशा दक्षिण आशियाई मुलांनी सुरू केलेल्या फ्रॅटर्निटी उभ्या राहिल्या. त्यांचे सुरुवातीचे सदस्य आता पंचेचाळिशीच्या पुढे आहेत, म्हणजे माजी सदस्य म्हणून खरं काम करायच्या वयात. त्यांच्यातही मराठी घरांतली माणसं असतील, जुन्या फ्रॅटर्निटींमध्येही आहेत. त्यांनी टीव्ही देऊ नये. वर्षातून दोनदा येऊन खजिनदाराशेजारी बसावं आणि यायच्या आधी फोन करावा.

नवा खजिनदार गेल्या आठवड्यात निवडून आला. पेटीची दुसरी किल्ली, दोन रकान्यांची फाइल आणि थंडीची वही त्याच्याकडे दिली आहे. बॉयलरची तपासणी सप्टेंबरअखेर ठरवायची हे त्याच्या फोनमध्ये घातलंय. तो तुम्हाला ‘सर’ म्हणेल, चार दिवस चालवून घ्या.

आणि एक राहिलं. वर्षभर तुम्ही दीड-दोन तास गाडी चालवत येत होतात, त्याच्या पेट्रोलची एकही पावती फाइलमध्ये नाही. नियम तुमचाच आहे. 30 जूनच्या आत पाठवा.

आपला,
मावळता खजिनदार