फिटरकाका, हे पत्र लेकीकडून वाचून घ्या

ती. फिटरकाकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सावंतवाडीला पोचून तीन आठवडे झाले. निघायच्या दिवशी मी आभार मानायला तोंड उघडलं, तर "आभार कसले मानतस, चाय टाक" म्हणून तुम्ही विषयच संपवलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच थांबवता यायचं नाही.

आपली ओळख शिवीवरून झाली, हे आधी कबूल करते. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला ग्रँड युनियन कालव्याच्या काठाने तुम्ही रोज सकाळी मफलर गुंडाळून फिरायला जायचात. त्या दिवशी मी बोटीच्या सिंकखाली अर्धी आत, अर्धी बाहेर होते आणि पाना हातातून निसटून तिसऱ्यांदा खाली पडला होता. मी जे काही बोलले ते खिडकीतून बाहेर गेलं. वरून आवाज आला, "काय गो, कोल्हापूरची काय?"

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. माझं घर म्हणजे १९८६ची नॅरोबोट, पन्नास फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. इथल्या बऱ्याच जुन्या कालव्यांची कुलुपं, म्हणजे बोट वरखाली न्यायचे दरवाजे लावलेले हौद, जेमतेम सात फूट रुंदीची. म्हणून बोटीही तेवढ्याच. या रुंदीत ओटा, सिंक, फ्रिज, गॅस सगळं बसवायचं. ज्याने बसवलं त्याने आधी नळ लावला, मग सिंक, मग त्याभोवती कपाट ठोकून टाकलं. पुढे कधी कुणाला तो नळ काढावा लागेल हा विचार त्या माणसाला शिवलाच नसावा. सिंकचं भांडं आणि बोटीची भिंत यांत माझा तळहात आडवा जाईल एवढीच जागा.

माझी तक्रार नळाची नव्हतीच. रात्री पाण्याचा पंप आपोआप दोन सेकंद गुरगुरायचा, तासाभराने परत. हा पंप दाबावर चालतो, नळ उघडला की सुरू आणि बंद केला की थांबतो. सगळे नळ बंद असताना तो का सुरू होतोय? मी ठरवलं होतं, पंप गेला, नवा घ्यायचा. तुम्ही पायरीवर बसलात (गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं) आणि म्हणालात, "पंप खरा बोलता. पाणी खंयतरी जाता." पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करायला लावलात आणि गावच्या गजाली सांगत बसलात. तासभर पंप गप्प. म्हणजे पंप निर्दोष, गळती पुढे कुठेतरी.

मग सगळे सांधे पुसून कोरडे केले आणि प्रत्येकाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा घड्या कोरड्या, बारावी ओली. सिंकमागची. अर्थातच. तिथून पाणी पाइपाला धरून खाली उतरत होतं, बोटीच्या तळातल्या विटांमध्ये मुरत होतं आणि मागच्या बाजूला साचत होतं. बोट पाण्यात नीट बसावी म्हणून जमिनीखाली विटा टाकतात हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझगावच्या गोदीत छत्तीस वर्षं काढलेला माणूस; 'गोदावरी' युद्धनौका १९८३ला नौदलात गेली तिच्या गॅलीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, पायपा तुमच्या हातच्या. आणि इथे विटा! जमिनीची फळी उचलून बघितली, तर इंचभर पाणी होतं.

पुढचे चार दिवस डोकं तुमचं आणि हात माझे. मी टॉर्च तोंडात धरून वाकायचे, तर तुम्ही टॉर्च काढून घ्यायचात. "आधी बोटांनी बघ, मगे डोळ्यांनी." नळाच्या मागे नट कसा आहे हे मला अंधारात हात घालून तुम्हाला सांगायचं होतं. धातूचा की प्लास्टिकचा? कान, म्हणजे पकडून फिरवायला बाहेर आलेले तुकडे, किती? कुठला कान तुटलाय? मला वाटलं चेष्टा करताय. पण चार कानांचा प्लास्टिकचा नट आहे हे कळल्यावर तुम्ही प्लंबिंगच्या जुन्या पाइपाचा हातभर तुकडा मागितलात, त्याच्या तोंडाला करवतीने चार खाचा पाडायला लावल्यात, आणि तो तुकडा खालून वर सरकवला की खाचा बरोबर कानांवर बसल्या. दुकानातला महागडा वाकडा पाना जिथे फिरत नव्हता, तिथे तो फुकटचा पाइप फिरला. नव्या नटाला ग्रीसचा ठिपका लावून वॉशर चिकटवायचा, म्हणजे वर नेताना पडत नाही. आणि प्रत्येक हत्याराला दोरी बांधायची, दोरीचं दुसरं टोक आपल्या मनगटाला. पहिल्याच दिवशी हे सांगितलं असतंत तर तुम्हाला ती शिवी ऐकावी लागली नसती, पण मग ओळखही झाली नसती.

फ्रिजचं काम त्यामानाने सोपं होतं. पण राग त्याचाच जास्त येतो, कारण एक मेकॅनिक येऊन "नवा घ्या" सांगून पैसे घेऊन गेला होता. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सुरू व्हायला बघायचा, टक् करून थांबायचा, आणि मागचा छोटा दिवा एकेकदा लुकलुकायचा. म्हणजे व्होल्टेज कमी. मी म्हटलं, बॅटरी चांगली आहे, १२.६ दाखवतेय. तुम्ही विचारलंत, "खंय मोजलस?" बॅटरीवर. "फ्रिजकडे मोज, तो सुरू होता तेव्हाच." तिथे १०.२. हा कॉम्प्रेसर १०.४च्या खाली स्वतःला बंद करून घेतो. बॅटरीपासून सहा मीटर जायला आणि सहा यायला दीड चौरस मिलिमीटरची बारीक वायर, आणि ड्रॉवरमागे एक जोड हिरवा पडून भुगा झालेला. मधले दोन-अडीच व्होल्ट त्या प्रवासात खर्च होत होते. फ्रिज बिचारा उपाशी होता.

दहा चौरस मिलिमीटरची वायर आणली, पण कपाटांमागून न्यायची कशी? जुनी वायर ओढून नवी आत घ्यावी तर ती जागोजागी खिळ्यांनी ठोकलेली. तेव्हा तुम्ही लेकीच्या घरून पडद्याची स्प्रिंग आणलीत! आपल्याकडे खिडकीच्या अर्ध्या पडद्याला असते तीच. ती वाकते, कोपऱ्यात वळते, आणि ढकलली तरी गोळा होत नाही. तिच्या शेपटाला वायर बांधून पलीकडून ओढली. तुमच्या लेकीचा पडदा आठवडाभर सेफ्टी पिनेवर होता. ताई, तुमचेही आभार.

एका गोष्टीला मात्र तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. ओव्हनचं बटण सोडलं की ज्योत विझायची. थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची ऊब ओळखून गॅस चालू ठेवणारा भाग, गेलाय हे मी वाचून काढलं होतं, सुटा भागही मागवला होता, दोन स्क्रू आणि एक नट एवढंच काम. तुम्ही तो डबा उचलून खिशात घातलात. तुमचा आवाज तेवढा एकदाच चढला. एलपीजी हवेपेक्षा जड, घरात गळला तर दाराखालून थोडातरी निघून जाईल. बोट म्हणजे वाडगा, तो तळात बसून राहतो आणि पंपाची एक ठिणगी पुरते. शिवाय राहत्या बोटीच्या गॅसचं काम नोंदणी असलेल्या माणसानेच करायचं, असा इथला कायदाच आहे. तो आला आणि अर्ध्या तासात करून गेला. सिलिंडरच्या कप्प्यात गळती तपासायचं काचेचं यंत्र आहे, बटण दाबलं आणि बुडबुडे आले की गळती, हे त्याने दाखवल्यावर तुम्ही ते स्वतः चारदा दाबून बघितलंत. एकही बुडबुडा नाही. "ह्या माका आवाडला."

पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. तांबडा रस्सा मात्र दोनदा मागून घेतलात आणि दोन्ही वेळा "बरो आसा, पण मासो नाय" हा शेरा मारलात. घाटावरच्या बाईच्या स्वयंपाकाला एवढी दाद पुरे.

परवा रात्री दोनला जाग आली. पंप वाजला नव्हता, त्यानेच जाग आली असावी. उठून फळी उचलली आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे दिव्याआधी हात घातला. विटा कोरड्या.

तुमची,
कालव्यावरची घाटी

ता. क. : खाचा पाडलेला पाइप सिंकच्या दाराला आतून दोरीने बांधून ठेवलाय. शेजारच्या बोटीवाल्याने दोनदा उसना नेला. शॉवरच्या मागचा सांधा अजून उघडलेला नाही. तिथे माझा हात मनगटाच्या पुढे जात नाही. तुम्ही एप्रिलमध्ये येणार असं ताई म्हणाल्या. तिरफळं संपत आलीत.